गल्लीतला कडुनिंब सिमेंटात रुतलाय. रोपं लावण्यापलीकडे आपण रहिवासी काय करू शकतो?

लिंबोळी

नमस्कार मंडळी. पश्चिम नागपुरात आमचं घर आहे. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा समोर पऱ्हाटीचं वावर होतं म्हणतात, इतकी जुनी गल्ली. गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब आहे. त्याखाली इस्त्रीवाले भाऊ टेबल लावतात, बावीस वर्षं झाली. कोळशाची इस्त्री, बाजूला माठ, माठावर पालथा स्टीलचा गिलास. भाजीचा ठेलेवाला, कुरियरवाला, शाळेच्या ऑटोची वाट पाहणारी पोरं, सगळे त्या माठाचं पाणी पितात.

दोन वर्षांपूर्वी गल्लीत सिमेंट रोड झाला. रोड वीतभर उंच आला (ज्यांची घरं त्यामुळं खाली गेली त्यांचं वेगळं रडगाणं आहे, ते नंतर कधी), आणि ठेकेदाराच्या माणसांनी सिमेंट थेट बुंध्याला नेऊन भिडवलं. बोटभर फट ठेवली नाही. आता शेंड्याकडच्या दोन फांद्या वाळल्या आहेत आणि सावलीला मधोमध भोक पडलंय. इस्त्रीवाले भाऊ दिवसातून तीनदा टेबल सरकवतात. अकराला भिंतीकडे, एकला बुंध्याशी, तीनला पार आमच्या फाटकात. परवा विचारलं तर म्हणाले, "ताई, झाड बिमार आहे."

आमच्या लेआउटमध्ये ५ जूनला दरवर्षी वृक्षारोपण होतं. मागच्या वर्षीच्या नऊ रोपांपैकी एक जगलं, तेही एका काकूंनी कपडे धुतलेलं पाणी रोज घातलं म्हणून. यंदा मला फोटोत उभं राहायचं नाही. शहर तापून राहिलं, पाऊस आला की तुंबून राहिलं, यावर आपल्यासारख्यांनी करण्यासारखं नेमकं काय आहे? भाषण नको. ज्यांनी काही केलं असेल, त्यांनी काय केलं आणि कुठं अडलं ते सांगा.

नवतपा

ताई, भावना समजते. पण एका कडुनिंबानं तापमानवाढ थांबणार आहे का? अमेरिका-चीन धूर सोडून राहिले आणि आपण इथं झाड कुरवाळत बसायचं. नागपूर आधीपासूनच तापतं हो. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर होता. मे २०२४ मध्ये तर ५६ अंश झाले म्हणून देशभर बातमी फिरली. मागाहून हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. मजा म्हणजे तोवर नागपुरातल्या एकालाही ते खोटं वाटलं नव्हतं.

लिंबोळी

@नवतपा तापमानवाढ थांबवायला नाही हो. टेबल तीनदा सरकवावं लागू नये म्हणून.

पोचपावती

एकतीस वर्षं सरकारी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, आता निवृत्त आहे. अर्ज कसे जिरतात ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, तोंडी तक्रार ही तक्रारच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नगरसेवकाला फोटो पाठवला, त्यांनी अंगठा दाखवला, तुम्ही खूश. कागदावर काहीच नाही. आणि मार्च २०२२ नंतर काही वर्षं तर महापालिकेवर प्रशासकच होते, अंगठा दाखवायलासुद्धा कुणी नव्हतं. साध्या कागदावर अर्ज लिहा. झाड कुठं, कशाचं, घेर किती, सिमेंट बुंध्यापर्यंत कधीपासून. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "साहेब जेवायला गेले" म्हटलं तर बसून राहायचं. साहेब जेवून येतातच.

दुसरी गोष्ट, कायदा. आपल्याकडे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. झाड तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लावावी लागते, पेपरात जाहिरात द्यावी लागते, आणि मुदतीत कुणीही नागरिक आक्षेप घेऊ शकतो. मुदत साधारण सात दिवसांची, म्हणून ती नोटीस दिसल्या दिवशीच वाचायची. लोक जाहीर नोटिशींचं पान सोडून थेट राशिभविष्यावर जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं, आणि झाड तोडलंच तर त्याचं जितकं वय तितकी रोपं लावावी लागतात. ताई, तुमच्या कडुनिंबाचं वय काढून ठेवा. कामी येईल.

तिसरी गोष्ट, उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपये, तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. "झाडांची काळजी का घेत नाही?" असं विचारू नका, ती माहिती नव्हे, तो टोमणा झाला. "अमुक रस्त्याच्या कामाच्या अंदाजपत्रकात झाडांभोवती मोकळी जागा सोडण्याची तरतूद आहे काय, असल्यास त्या पानाची प्रत द्यावी" असं विचारा.

किरायेदार

पोचपावती काका, 🙏. हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं तुम्ही, नोकरीत असताना.

पोचपावती

नोकरीत असताना मी साहेबांबरोबर जेवायला जात होतो.

सब्बल

मी सिव्हिलवाला आहे. थोडं पाप आमचंही आहे. सेंटरिंग लावताना झाडाभोवती गोल सोडायला अर्धा तास जास्त लागतो, म्हणून कुणी सोडत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. तेव्हापासून इतर शहरांतही तोच आकडा सांगतात.

आता कामाचं. मूळ नुसतं पाणी पीत नाही, त्याला हवाही लागते. सिमेंट भिडलं की दोन्ही बंद. त्यात तुमचा रोड वीतभर वर आलाय, म्हणजे बुंधा जिथं पसरून मुळात उतरतो ती जागाच, झाडाची मान, गाडली गेली. तिथली साल सतत ओली राहिली की कुजते. शेंडा वाळतो तो त्यामुळं. आधी शेंडा जातो, खालचं हिरवं बघून लोक म्हणतात झाड बरं आहे.

काढायचं कसं:
बुंध्यापासून एक मीटरवर खडूनं गोल आखा. जमेल तिथं कटर मशीननं वरची रेघ मारून घ्या, म्हणजे बाकीच्या रोडला तडा जात नाही आणि नंतर कुणी तुमच्या नावानं बोंबलत नाही. आतलं सिमेंट छन्नी-हातोडा आणि सब्बलनं, तुकड्या तुकड्यानं. मोठा ब्रेकर लावू नका, मुळं फाटतात. अंगठ्याहून जाड मूळ दिसलं की तिथं थांबा, हातानं माती काढा. बुंध्याची मान उघडी झाली पाहिजे. मग कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा टाका, पण बुंध्याला टेकवून ढीग नको. कड रोडपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी झाडाकडे येईल. लोक उलटं करतात. विटांचा छान चौथरा बांधतात, त्याला गेरू फासतात, आणि झाड आत तहानलेलं.

आणि रोड सरकारी आहे. अर्ज दिल्याशिवाय हात लावू नका. वर काका सांगताहेत तसं.

नागकाठ

सिमेंट रोडचा विषय निघाला म्हणून लिहिते. २०२३ मध्ये २२ सप्टेंबरला घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पाहुणे गेले, आंबील-पुरणाची भांडी तशीच ओट्यावर, म्हटलं सकाळी पाहू. पहाटे सासूबाईंनी हाक मारली. पलंगावरून पाय खाली टाकला तो पाण्यात. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, अंबाझरी तलाव ओसंडून वाहत होता आणि नाग नदी रस्त्यावर आली होती. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, मोरभवन बस स्टँड, सगळं पाण्यात. आमच्या जेष्ठा-कनिष्ठा टेबलावर होत्या. टेबल तरंगून भिंतीला टेकलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. साड्या कमरेपर्यंत भिजलेल्या. विसर्जन त्याच दिवशी होतं, ते घरातच झालं म्हणायचं.

त्या पुरात माणसं गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, तलावाच्या सांडव्यावर, नदीच्या पात्रातल्या बांधकामांवर बरंच काही झालं. तो मोठ्यांचा लढा. आम्ही आमच्या लेनमधल्या सात बायकांनी काय केलं ते सांगते. आमच्या घरापासून नदीपर्यंत पावसाचं पाणी कुठून जातं ते चालत पाहिलं. खरंच, फक्त चालत. तीस वर्षं राहते तिथं, मला माहीतच नव्हतं की शेजारच्या अपार्टमेंटच्या पार्किंगखालून एक नाली जाते. पाच ठिकाणं सापडली जिथं नाली एकतर बुजलेली होती किंवा तिच्यावर स्लॅब टाकून दुकानाची पायरी केली होती. आता दरवर्षी एप्रिलमध्ये त्याच पाच ठिकाणी, त्याच जागी उभं राहून फोटो काढतो आणि मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी लावून अर्जाला जोडतो. तीन ठिकाणं साफ होतात. पायरी अजून आहे. दुकानदार गोड बोलतो आणि चहा पाजतो.

नवतपा

ही नाग नदी लाव्हाच्या टेकड्यांतून निघते, पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. आपण जे सोडतो ते गोसीखुर्दच्या धरणात जातं. भंडाऱ्याच्या लोकांना विचारा नागपूर कसं आहे ते. फुटाळा तलावावर फवारे पाहून कळत नाही.

(बघा, मी पण लिहायला लागलो.)

राखुंडी

तुमचा कडुनिंब वाचो, माय. पण आमच्याकडं या एकदा, शहराच्या उत्तरेला. आमी सकाळी दोरीवरचे कपडे झटकल्याबिगर घालत नाई. छतावर बोट फिरवलं तं रांगोळी काढता येते. लोनच्याची बरनी उन्हात ठेवाची तं वरून फडकं, फडक्यावर ताट, तरी माही आई म्हन्ते की चवीत कचकच लागते. राख कोनत्या चिमनीतून आली हे राखेवर लिहून नसते, म्हनून मी कोनाचं नाव घेत नाई.

तुमच्या कूलरची अन् एसीची लाइट येते कुठून, हे कोनी इचारत नाई. शहरातले लोक पर्यावरन म्हन्ले का झाडच सांगतात.

बाभूळबन

@राखुंडी बरोबर बोललात. म्हणून थोडी माहिती टाकतो.

कोराडीच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, शेजारी खापरखेड्याचं केंद्र. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, त्यामुळे जळलेल्या प्रत्येक मालगाडीचा तिसरा हिस्सा राख म्हणून मागे राहतो आणि तो कुठंतरी साठवावा लागतो. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत, पुढं नदीपर्यंत गेलं. गंधकाच्या धुरासाठी केंद्रानं डिसेंबर २०१५ मध्ये नवे निकष काढले, त्यांची मुदत पुढं पुढं ढकलली गेली. आणि कोराडीत आणखी दोन ६६० चे संच प्रस्तावित झाले. त्याची जनसुनावणी २९ मे २०२३ ला झाली. तारीख पाहा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस!

सुनावणीबद्दल सांगायचं कारण, लोकांना वाटतं तिथं फक्त नेते आणि कंपन्यांचे लोक बोलतात. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे निदान तीस दिवस आधी पेपरात जाहिरात द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात वाचायला ठेवावा लागतो. सारांश मराठीत असतो. सुनावणीचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी जे बोललं गेलं ते स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथंच हात वर करायचा. जाता आलं नाही तर लेखी पाठवता येतं. तुमच्या आईच्या लोणच्याचं हेच वाक्य त्या इतिवृत्तात गेलं पाहिजे. "प्रदूषण होते" असं शंभर जण बोलतात, ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

राखुंडी

आई बोलन. तिले माइक द्या फक्त.

नवतपा

पण वीज लागतेच ना? मे महिन्यात अर्धा तास लाइट गेली तर हेच लोक सबस्टेशनवर मोर्चा नेतात. मीही गेलो होतो.

छतावरचा

वीज लागते, म्हणून मी छतावर सोलर लावलं. तीन किलोवॅट. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा, असे ७८,००० अनुदानाचे आले. त्यावर कितीही मोठं लावा, घरगुती अनुदान तेवढंच. दिवसाला सरासरी बाराएक युनिट निघतात. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड धरला तर हिशोब तुम्हीच करा. एक गंमत लोकांना पटत नाही. सगळ्यात जास्त वीज मेच्या रखरखाटात निघत नाही. पॅनेलला ऊन आवडतं, उकाडा नाही. तापलं की उत्पादन घटतं. माझे चांगले दिवस मार्चमधले.

आता कबुली. माझ्याही शेजारी कडुनिंब आहे. चारनंतर त्याची सावली पॅनेलवर येते. लावणारा म्हणाला, साहेब, फांद्या उडवून टाका, दोन युनिट वाढतील. मी अर्ज लिहून तयार ठेवला होता. ताईंची पोस्ट वाचून आठ दिवस झाले, अजून दिला नाही. खरं सांगा, काय करू? दोन्ही पर्यावरणच आहे की!

सब्बल

@छतावरचा झाडाला हात लावू नका, पॅनेल हलवा. एका पॅनेलवर सावली पडली की ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं, खरं नुकसान तिथं आहे. सावलीतली दोन पॅनेल वेगळ्या जोडणीवर घ्या किंवा त्यांना स्वतंत्र छोटे इन्व्हर्टर लावा. स्ट्रक्चर दोन-अडीच फूट उचललं तरी फरक पडतो. आणि त्या झाडानं पश्चिमेची भिंत चारनंतर झाकली नसती तर तुमच्या एसीनं ती दोन युनिट कधीच खाल्ली असती.

छतावरचा

भिंतीचं लक्षात आलं नव्हतं. अर्ज फाडला.

पोचपावती

फाडू नका हो. मागची बाजू कोरी असते.

किरायेदार

तुमचं सगळं ठीक आहे. सोलर, अंगण, झाड, सगळं घरमालकांचं. मी मानेवाड्याकडे वरच्या मजल्यावर टिनाच्या दोन खोल्यांत किरायानं राहतो. घरमालक म्हणतो, भाडं द्या, बाकी काय करायचं ते करा. दुपारी टिन अशी तापते की आत बसून पापड भाजता येतील. आमच्यासारख्यानं काय करावं?

तर मी काय केलं ते सांगतो. चुना. भट्टीचा चुना रात्रभर भिजत घातला, कापडानं गाळला, त्यात फेव्हिकॉल घातला म्हणजे पहिल्या पावसात वाहून जात नाही. संध्याकाळी टिन निवल्यावर ब्रशनं दोन हात. सकाळी दहाला हात लावून पाहिला, बाजूच्या खोलीच्या टिनेवर हात ठेवता येत नव्हता, माझ्यावर येत होता. थंड झाली म्हणत नाही, पण पोरगी दुपारी झोपते आता. खर्च घरमालकाच्या एका महिन्याच्या भाड्याच्या आसपाससुद्धा नाही. पाहून बाजूच्या चार घरांनी केलं. जमलं तर टिनेखाली जुनी बोरी, म्हणजे गोणपाट, ताणून लावा, मध्ये हवेला जागा राहू द्या.

डोळ्यांवर मात्र जपा. चुना उडाला तर गंमत नाही. चष्मा घालूनच.

बाभूळबन

@किरायेदार हेच मोठ्या प्रमाणावर करायला हवं. अहमदाबादला २०१० च्या मेमध्ये उष्णतेनं शेकडो माणसं गेली, तेव्हा त्यांनी २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा केला, देशातला पहिला. त्याच धर्तीवर नागपूरचा २०१६ पासून आहे. दुपारी बगिचे उघडे ठेवणं, पाणपोया, दवाखान्यात थंड खोली, दुपारी काही सिग्नल बंद, हे सगळं त्यातलंच. आपलं काम इतकंच की आपल्या भागात ते खरोखर होतं का ते पाहायचं. आमच्या ग्रुपनं मागच्या मेमध्ये दुपारी दोनला पाच बगिच्यांची दारं हलवून पाहिली. तीन उघडी, दोनला कुलूप. कुलपाचा फोटो, वेळ, अर्ज. एक उघडलं. दुसऱ्याचा चौकीदार म्हणाला, उघडतो, पण प्रेमी जोडपी येतात. म्हटलं, त्यांनाही ऊन लागतं.

नवतपा

😄

आपल्याकडे पौर्णिमेला रात्री आठ ते नऊ लाइट बंद करायची मोहीम आहे ना, महापालिका आणि ग्रीन व्हिजिल संस्थेची? दहा-बारा वर्षं झाली. मला ते टाइमपास वाटायचं. एकदा बर्डीच्या बाजारात होतो, पोरं दुकानात जाऊन हात जोडून सांगत होती, काका, बोर्ड बंद करा. एका ज्वेलर्सनं केला आणि त्याच्या मागं अख्खी ओळ अंधारली. तासाभरात किती युनिट वाचले ते सोडा. त्या पोरांना अनोळखी माणसाच्या दुकानात शिरून काही मागायची सवय लागली, ती मला या वयात लागली नाही.

चौथी ब

मी शिक्षिका आहे. मुलांना "पर्यावरण वाचवा" असा निबंध देऊन देऊन थकले. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या आधी मुलांना विचारलं, मारबतीत, म्हणजे पीडा घालवायच्या मिरवणुकीत, आपला बडग्या, तिच्यातला पुतळा, कशाचा करायचा? एरवी भ्रष्टाचार, महागाई, असले बडगे निघतात. एक मुलगा म्हणाला, झाडाचा गळा दाबणाऱ्या सिमेंटचा. पोती, पेपर, राखाडी रंग, हातात प्लास्टिकची बादली, गळ्यात "एक मीटर सोड रे" अशी पाटी. शाळेच्या गल्लीतच फिरवला. "ईडा पीडा, खोकला खासी, घेऊन जा गे मारबत!" याच्या पुढं पोरांनी स्वतःच जोडलं, "गिट्टी-सिमेंट घेऊन जा गे मारबत!" जाळला मात्र नाही, प्लास्टिक होतं त्यात. यावरून वर्गात अर्धा तास वाद झाला, की बडग्या जाळला नाही तर पीडा जाते का. निकाल लागला नाही.

त्या गल्लीतल्या एका आजोबांनी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारलं, एक मीटर म्हणजे काय?

लिंबोळी

मंडळी, तीन आठवडे लिहिलं नाही. सांगते काय झालं.

पहिल्या अर्जाला उत्तर नाही. खिडकीवर सांगितलं, हे आमच्याकडं येत नाही, रस्त्यावाल्यांकडे जा. रस्त्यावाल्यांनी सांगितलं, झाड आहे, उद्यानवाल्यांकडे जा. दोन्हीकडे अर्ज दिला, दोन्ही पोच घेतल्या, मग तिसरा अर्ज लिहिला, त्याला दोन्ही पोचेची झेरॉक्स लावली. (काका, हे तुमच्याकडूनच शिकले.) बाराव्या दिवशी एक साहेब झाड पाहायला आले. टेप त्यांच्याकडे नव्हता, इस्त्रीवाल्या भाऊंनी दिला. घेर मोजला. ते म्हणाले, आमच्याकडे आत्ता माणसं नाहीत, तुम्ही मोकळं करत असाल तर आमची हरकत नाही. मी म्हटलं, हे लिहून द्या. साहेब हसले. पण दिलं.

रविवारी सकाळी सहाला जमलो. मला वाटलं होतं वीसेक लोक येतील, ग्रुपवर चव्वेचाळीस अंगठे होते. आलो सहा. इस्त्रीवाले भाऊ, त्यांचा मुलगा, मी, माझा नवरा (कुरकुरत), आणि दोन पोरी, ज्यांना मी ओळखतही नव्हते, मागच्या पीजीत राहतात. समोरचे काका फाटकातून बघत होते. त्यांचं सोलर आहे, झाडाशी त्यांचं फारसं बरं नाही. मदतीला आले नाहीत, पण आठ वाजता नळाची नळी बाहेर काढून दिली.

सब्बलभाऊ, तुम्ही सांगितलं तसंच केलं. कटर भाड्यानं आणला, रेघ मारली, मग छन्नी. सिमेंटाचा पहिला तुकडा निघाला तेव्हा खालची माती पांढरी पडलेली होती, पिठासारखी, वासच नव्हता तिला. बुंध्याच्या एका बाजूची साल काळी, मऊ. मुलानं बोट लावलं तर ओलं. दुसऱ्या बाजूला मात्र मुळांनी सिमेंटाखालून वाट काढली होती, बोटाएवढी, तांबूस, पार भाऊंच्या माठाच्या दिशेनं. माठ बावीस वर्षं पाझरतोय ना, तिथली माती ओली होती.

दहापर्यंत गोल पूर्ण झाला. नंतर भाऊंनी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले, पैसे घेतले नाहीत. वाळलेल्या दोन फांद्यांचं काही खरं नाही. बाकीचं पाहू.

परवा पाऊस झाला, चांगला. आमच्या गल्लीत पाणी तुंबतंच, तुंबलं. पण झाडाभोवती ते थांबलं नाही, भोवरा होऊन खाली जात होतं. मी छत्री घेऊन पंधरा मिनिटं बघत उभी होते. नवरा गॅलरीतून ओरडत होता.

राखुंडी

माठाकडं गेलं मूळ. वा.

सब्बल

काळ्या सालीची बाजू उघडीच राहू द्या, माती लावू नका. वाळलं की बरं होईल. आणि गोलात पेव्हर बसवायला कुणी आलं तर हाकला.

किरायेदार

पुढचा रविवार कुठं? माझ्याकडं छन्नी आहे. चुनाही उरलाय.

लिंबोळी

पुढचं झाड चौकातलं, करंज. अर्ज दिला काल.

पोचपावती

पोच घेतली?

लिंबोळी

घेतली. सही आहे, शिक्का आहे. तारीख पुसट उमटली.

पोचपावती

उद्या परत जा.